बालसंगोपन संस्था व पालकांचे न्यायालयीन दावे

मिशन, मठ, अनाथालय, सुधारगृह, बालगृह यांसारख्या संस्थेच्या ताब्यात असलेले अज्ञान मूल परत मिळावे किंवा त्यास संस्थेत ठेवण्याचा हुकूम रद्द व्हावा, म्हणून आईवडिलांनी अथवा इतर नातलगांनी कायद्याच्या मार्गाने केलेली मागणी म्हणजे अशा स्वरूपाचे दावे होत. या दाव्यांत तीन प्रश्न वारंवार उपस्थित होतात : मुलावर पहिला अधिकार कोणाचा, तो ठरविण्याचा अधिकार कोणास, आणि खुद्द मुलाच्या म्हणण्यास किती महत्त्व द्यावयाचे. उत्तर कोकण व मुंबई या प्रदेशात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या साडेचार शतकांत अनेकदा पालटली. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वसई तालुक्याचा व त्यातील सोपारा-तुळिंज परिसराचा इतिहास या बदलांचा एक सलग आलेख पुरवितो. कारण हा मुलूख क्रमाने पोर्तुगीज, मराठे, ईस्ट इंडिया कंपनी, ब्रिटिश राजसत्ता व स्वतंत्र भारत यांच्या अंमलाखाली राहिला.

पोर्तुगीज अंमल : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर सु. दोन शतके वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. तुळिंजचा परिसर याच मुलखात मोडत असे. पोर्तुगालचा राजा सेबॅस्टियन याच्या नावाने २३ मार्च १५५९ रोजी एक फर्मान निघाले. आईवडील, आजी-आजोबा वा अन्य वडीलधारे नसलेल्या आणि समज येण्याच्या वयाला न पोहोचलेल्या हिंदू मुलांना अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घ्यावे, जेझुइटांच्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करावे आणि तेथे त्यांस बाप्तिस्मा व शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. फर्मानाचे शब्द मर्यादित होते. परंतु त्याचा अंमल त्या मर्यादेत राहिला नाही. वडील वारले की मूल अनाथ, मग आई व आजोबा हयात असले तरी हरकत नाही, असा अर्थ रूढ झाला. पोर्तुगीज कायद्याच्या परिभाषेत पितृहीन मूल हेच ‘अनाथ’ समजले जात असल्याने या अर्थास आधारही मिळाला.

या व्यवस्थेत ‘पाय दुस क्रिस्ताँव’ म्हणजे ‘ख्रिस्त्यांचा पिता’ या नावाचा एक अधिकारी असे. नवख्रिस्ती लोकांच्या हिताची काळजी वाहणे हे त्याचे काम होते, आणि अनाथ ठरलेली मुले शोधून संस्थेत आणविण्यातही त्याचा पुढाकार असे. वसई येथेही सोळाव्या शतकाच्या मध्यापासून जेझुइटांचे वास्तव्य व शिक्षणकार्य होते. मूल नेले गेल्यावर आईला दाद मागण्यासारखे स्वतंत्र न्यायासन या व्यवस्थेत जवळजवळ नव्हते. मूल अनाथ आहे असे ठरविणारा अधिकारी, त्यास स्वीकारणारी संस्था आणि तक्रार ऐकणारी सत्ता ही एकाच राजधर्माच्या बंधनाने बांधलेली होती. साहजिकच लोकांपुढे दोनच मार्ग उरत : वरिष्ठांकडे अर्जविनंत्या करणे, अथवा मुले लपवून खाडीपार दुसऱ्या राज्यात पाठविणे. गोवा व उत्तर प्रांत येथून हिंदू कुटुंबांनी, विशेषतः व्यापाऱ्यांनी, स्थलांतर करण्यामागे अनाथविषयक कायदा हे एक कारण होते.

अशा प्रकारची मुले नेण्याची उदाहरणे हिंदुस्थानापुरती मर्यादित नव्हती. पोपच्या राज्यातील बोलोन्या येथे १८५८ मध्ये एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलास, घरातील मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिल्याच्या कारणावरून, आईवडिलांपासून काढून रोम येथे नेण्यात आले. यूरोप-अमेरिकेत मोठा गदारोळ होऊनही ते मूल परत मिळाले नाही. वसईतील विधवा व बोलोन्यातील व्यापारी यांच्या परिस्थितीत अंतर पुष्कळ होते. परंतु धर्मसत्ता व न्यायसत्ता एकत्र असली की पालकाच्या दाव्यास जागा उरत नाही, हे दोन्हींकडे सारखेच दिसते.

चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकली आणि त्या मुलखातील पोर्तुगीज कायद्याचा अंमल संपला. मराठी राज्यात मुलाच्या पालकत्वाचे प्रश्न भाऊबंद, जात व गोत यांच्या सभेत आणि प्रसंगी सरकारी कारभाऱ्यांपुढे सुटत. मूल ठेवून घेणाऱ्या मोठ्या संस्थाच नसल्याने प्रस्तुत प्रकारचे दावे या काळात फारसे संभवत नव्हते.

सर्वोच्च न्यायालय व मुफसल : पेशवाईच्या अखेरीनंतर १८१८ च्या सुमारास वसई कायमची कंपनीच्या अंमलाखाली आली. मुंबई बेटावर १८२४ मध्ये राजाच्या सनदेने सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. या न्यायालयाबरोबर हेबिअस कॉर्पस म्हणजेच देहोपस्थितीचा प्राधिलेख हे नवे साधन आले. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्यास न्यायालयात सदेह हजर करावे आणि ताब्याचा कायदेशीर आधार दाखवावा, असा हा आदेश असतो. मूळ उद्देश बेकायदा कैद रोखण्याचा असला, तरी इंग्लंडमध्ये मुलांच्या ताब्यासाठीही त्याचा उपयोग होत आला होता.

या साधनाची पोच मात्र लवकरच आखडली. पुण्यातील मोरो रघुनाथ नावाचा सु. चौदा वर्षांचा मुलगा त्याचे चुलत आजोबा व पालक पांडुरंग रामचंद्र यांच्याकडे होता. त्यास अडकवून ठेवले आहे अशा तक्रारीवरून १८२८ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने देहोपस्थितीचा आदेश काढला. ठाण्याच्या तुरुंगातील एका कैद्याविषयीही असाच आदेश निघाला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी मुफसलात, म्हणजे मुंबई बेटाबाहेरील प्रदेशात, हे आदेश अंमलात आणण्यास नकार दिला. सर एडवर्ड वेस्ट व सर चार्ल्स चेंबर्स हे दोन्ही न्यायाधीश त्याच वर्षी निधन पावल्याने एकट्या उरलेल्या सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयाचे कामकाजच बंद ठेवले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मुंबईच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्या एतद्देशीयांवर असा आदेश काढण्याचा अधिकार या न्यायालयास नाही, असा निर्णय १८२९ मध्ये झाला.

हा निर्णय कायद्याच्या इतिहासात मुख्यतः शासन व न्यायसंस्था यांच्यातील संघर्ष म्हणून ओळखला जातो. पालकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक साधा होता. मुंबई बेटावरील मुलाच्या बापास काही दिवसांत सुनावणी मिळू शकत होती. खाडीपलीकडे, वसई किंवा सोपारा येथील मुलाच्या बापास तो मार्ग बंद होता. मुफसलात मुलांच्या ताब्याविषयी जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयात अर्ज करण्याची तरतूद १८६१ च्या नवव्या अधिनियमाने झाली. देहोपस्थितीच्या स्वरूपाचे आदेश संपूर्ण अपील-हद्दीत देण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९१ व्या कलमातील १९२३ च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे मुंबई व वसई यांमधील ही कायदेशीर दरी बुजण्यास जवळजवळ एक शतक लागले.

पारशी धर्मांतराचा खटला (१८३९) : मुंबईतील पहिले गाजलेले दावे मिशनच्या शाळांतून उद्भवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) यांच्या विद्यालयातील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी मे १८३९ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते मिशनच्या आश्रयास राहिले. पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली. धनजीभाईच्या नातलगांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज करण्यात आला. न्यायमूर्ती सर जॉन ऑड्री यांनी तरुणास स्वतःचे बरेवाईट कळण्याइतकी समज आली आहे असे मानून कोठे राहावयाचे याची निवड त्याच्यावर सोपविली; त्याने विल्सन यांच्याकडे राहणे पसंत केले. निकाल मिशनच्या बाजूने लागला, परंतु पारशी पालकांनी आपली मुले विद्यालयातून काढून घेतली आणि तेथील विद्यार्थिसंख्या झपाट्याने घटली. न्यायालयात हरलेल्या पालकांनी आपला निर्णय शाळेच्या दाराशी दिला, असे या घटनेचे स्वरूप होते.

श्रीपत शेषाद्री प्रकरण (१८४३) : चार वर्षांनी आलेल्या दुसऱ्या प्रकरणात निकाल उलट लागला आणि त्याचे पडसाद महाराष्ट्राच्या समाजजीवनात दीर्घकाळ उमटले. स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे जालना भागात मिशनरी म्हणून त्याने नाव मिळविले. त्याचा दहा-बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट (१८०३–५५) यांच्या घरी राहू लागला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु मिशनऱ्यांबरोबर अन्नव्यवहार घडला होता, आणि तत्कालीन समजुतीप्रमाणे जात जाण्यास तेवढे पुरेसे होते. वडिलांनी नेस्बिट यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढील प्रश्न १८३९ मधील प्रश्नाहून वेगळा नव्हता. वेगळे होते ते मुलाचे वय. मुलगा मिशनमध्येच राहू इच्छीत होता. बळजबरीने डांबून ठेवल्याचे चित्र नव्हते, शिक्षण व निवास यांची सोयही होती. तथापि इतक्या लहान वयाच्या मुलाची इच्छा निर्णायक मानता येत नाही आणि बापाचा नैसर्गिक हक्क परक्याच्या सद्‌हेतूने नाहीसा होत नाही, या भूमिकेतून मुलगा बापाच्या स्वाधीन करण्याचा आदेश देण्यात आला. इंग्लिश कायद्यातील पितृहक्काचे तत्त्व हिंदू बापालाही लागू झाले, आणि ख्रिस्ती न्यायाधीशाने ख्रिस्ती मिशनऱ्याविरुद्ध ते लागू केले. वसईच्या जुन्या अनुभवाशी तुलना करता हा फरक मूलगामी होता. या व्यवस्थेत धर्मसंस्था व न्यायासन वेगळी झाली होती, आणि म्हणूनच बापाला दाव्यात जिंकता आले.

दावा जिंकल्यानंतरचा प्रश्न मात्र न्यायालयाच्या आवाक्याबाहेरचा होता. मुलगा बापाच्या घरी आला, पण त्या घरास जातीत राहावयाचे तर मुलास पंक्तीत घेणे भाग होते. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर (मृ. १८४६) यांनी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे असा पक्ष हिरिरीने मांडला. परधर्मीयांचे अन्न पोटात गेलेल्यास शुद्धी नाही, अशी सनातन्यांची भूमिका होती. अज्ञान मुलाने केलेल्या कृत्यास प्रायश्चित्त आहे की नाही, यावर शास्त्रार्थ झाले. मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात तट पडले आणि बाळशास्त्रींना स्वतः समाजाचा रोष पत्करावा लागला. महाराष्ट्रातील शुद्धीच्या चळवळीचा आरंभ पुष्कळदा या प्रकरणापासून धरला जातो.

बालसंगोपनाच्या इतिहासात या प्रकरणाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. संस्थेने मुलास ठेवून घेऊ नये असा हुकूम न्यायालय देऊ शकते; परंतु मुलास स्वीकारावयास घर व समाज तयार आहेत की नाहीत, हे हुकमाने ठरत नाही. परतलेल्या मुलाची पुढची व्यवस्था हा दाव्याचाच एक भाग आहे, हे तत्त्व पुढे कायद्यात आले. त्याची निकड १८४३ मध्येच दिसून आली होती. शिवाय या सर्व वादात वडील, मिशनरी, न्यायाधीश व शास्त्री यांचे म्हणणे तपशिलाने ऐकले गेले. आईच्या हक्काचा विचार त्या वेळच्या कायद्यात बापाच्या हक्कापुढे गौण होता, आणि मुलाची इच्छा ऐकली गेली ती बाजूस सारण्यापुरतीच.

संस्थांचा विस्तार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी संस्था झपाट्याने वाढल्या. गुन्हेगार व भटक्या मुलांसाठी मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून सुधारशाळा निघाली. १८५० च्या उमेदवारी अधिनियमाने दंडाधिकाऱ्यास मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देता येत होते. १८७६ व १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमांनी मुलांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठविण्याची तरतूद केली. पंढरपूर येथे १८७५ मध्ये प्रार्थनासमाजाच्या प्रेरणेने अनाथ बालकाश्रम स्थापन झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढे केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली तेथे आश्रयास होत्या.

शारदासदनाच्या इतिहासातील १८९३ चा प्रसंग या संदर्भात लक्षणीय आहे. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. त्यासाठी कोणास न्यायालयात जावे लागले नाही. कारण मुली पालकांच्या संमतीने आल्या होत्या आणि ती संमती परत घेण्याचा त्यांचा अधिकार गृहीत होता. दुष्काळात आलेल्या मुलांची गोष्ट निराळी होती. त्यांचे पालक मृत, बेपत्ता किंवा दूरवर विखुरलेले असत. स्वेच्छेने सोपविलेले मूल, टाकून दिलेले मूल, हरवलेले मूल आणि सरकारने ताब्यात घेतलेले मूल हे चार प्रकार कायद्याने वेगळे ओळखले पाहिजेत, ही जाणीव या अनुभवातून दृढ झाली.

पितृहक्काकडून बालहिताकडे : याच सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस बार्नार्डो (१८४५–१९०५) यांच्या बालगृहांविरुद्ध आईवडिलांनी केलेले खटले गाजत होते. गरिबीपायी मूल संस्थेत ठेवणाऱ्या आईने ते परत मागितले असता संस्था नकार देऊ शकते काय, आणि संस्थेने मूल परस्पर कॅनडात पाठविले असल्यास देहोपस्थितीच्या आदेशास काय उत्तर द्यावे, असे प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले. १८९१ मध्ये आईच्या बाजूने निर्णय झाला. त्याच वर्षीच्या बालकांच्या ताब्याविषयीच्या अधिनियमाने, मूल टाकून देणाऱ्या किंवा त्याची उपेक्षा करणाऱ्या पालकाचा दावा नाकारण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. बापाच्या निरपवाद हक्काची जागा हळूहळू मुलाच्या हिताने घेतली. इंग्लंडच्या १९२५ च्या अधिनियमाने मुलाचे कल्याण हा प्रथम व सर्वोच्च विचार ठरविला.

हिंदुस्थानात पालक व पाल्य अधिनियम, १८९० याने हाच प्रवाह आणला. पालक नेमताना मुलाचे कल्याण पाहावे आणि समंजस मुलाची पसंतीही विचारात घ्यावी, असे त्यात नमूद आहे; तथापि अयोग्य न ठरलेला बाप हयात असता दुसरा पालक नेमू नये, ही मर्यादाही त्यात होती. मद्रास येथील ॲनी बेझंट विरुद्ध नारायणय्या हा खटला या दृष्टीने मार्गदर्शक ठरला. जे. कृष्णमूर्ती व त्यांचे बंधू नित्यानंद यांचे संगोपन व शिक्षण वडिलांनी १९१० मध्ये लेखी करून बेझंटबाईंवर सोपविले होते. पुढे ते मागे घेऊन त्यांनी दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयात १९१३ मध्ये वडील जिंकले. मुले इंग्लंडमध्ये होती व तेथील न्यायालयच योग्य, अशा कारणांवरून प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये तो निर्णय फिरविला. मात्र बापाचे पालकत्व हा एक पवित्र विश्वास असून तो करार करून कायमचा दुसऱ्यास देऊन टाकता येत नाही. दिलेली संमती सामान्यतः परत घेता येते, परंतु मुलाच्या हितास बाध येत असेल तर न्यायालय तसे करू देणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

राज्यसंस्था प्रतिवादी : विसाव्या शतकात दाव्याचे रूप पुन्हा बदलले. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ मुंबई प्रांतात १९२४ मध्ये बालक अधिनियम संमत झाला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे उमरखाडी व अन्य ठिकाणच्या बालगृहांचे काम आले. १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमाने ही व्यवस्था विस्तारली. निराधार, भटके, भीक मागणारे किंवा दुर्वर्तनी पालकांच्या सहवासातील मूल ताब्यात घेऊन ठरावीक वयापर्यंत संस्थेत ठेवण्याचा अधिकार बालन्यायालयांना मिळाला. यापूर्वी पालकाचा प्रतिपक्ष एखादा मिशनरी अथवा नातलग असे. आता तो प्रत्यक्ष शासन झाला, आणि ताब्यामागे न्यायासनाचा हुकूम असल्याने ‘बेकायदा कैद’ ही तक्रार पुरेशी राहिली नाही. हुकूम देताना योग्य चौकशी झाली काय, पालकास म्हणणे मांडू दिले काय, हे मुद्दे अग्रभागी आले.

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या ३२ व २२६ या अनुच्छेदांनी सर्वोच्च व उच्च न्यायालयांची दारे थेट उघडली. मुंबईतून गेलेल्या गोहर बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये अविवाहित मातेस तिची मुलगी परत देवविली. अशा मुलीच्या ताब्याचा हक्क आईचाच असल्याने तिला आईस न देणे ही बेकायदा अटकच होय, आणि दिवाणी मार्ग उपलब्ध आहे म्हणून देहोपस्थितीचा अर्ज फेटाळता येत नाही, असे त्यात ठरले. १८४३ मध्ये केवळ बापास लाभलेले साधन आता आईच्या हाती आले. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याने अज्ञानाचे कल्याण हा सर्वोच्च विचार मानला, आणि १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

आंतरदेशीय दत्तकविधानातील गैरप्रकारांविषयीच्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मदात्यांची संमती दडपणाविना व परिणामांची जाणीव देऊन घेतली जावी, तसेच फेरविचारास अवधी मिळावा, असे दंडक घालून दिले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या तक्रारीवरून उद्भवलेल्या, मानखुर्द येथील निरीक्षणगृहासंबंधीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये आणखी एक पाऊल पडले. शासनाच्या आधाराने चालणारी बालसंस्था ही राज्यसंस्थेचेच अंग असल्याने मूलभूत हक्कांस बांधील आहे आणि निरीक्षणगृहात मुलांना दीर्घकाळ ठेवू नये, असा निर्वाळा मिळाला. चार भिंतींआड काय चालते याचा जाब विचारण्याचा अधिकार त्यामुळे केवळ पालकापुरता राहिला नाही.

विद्यमान व्यवस्था : बाल न्याय अधिनियम प्रथम १९८६, नंतर २००० आणि पुढे २०१५ मध्ये झाले; शेवटचा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. त्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलास चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि कुटुंबात परत नेणे हे प्रथम उद्दिष्ट, ही अधिनियमाची मूलतत्त्वे होत. पालकाने मूल समितीस सोपविले असल्यास फेरविचारास दोन महिन्यांचा अवधी असतो. अनाथ वा सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत, पालकांचा शोध घेऊन, दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करता येते. समितीच्या बहुतेक आदेशांविरुद्ध तीस दिवसांत बालन्यायालयाकडे अपील करता येते. याखेरीज उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा असतो.

तुळिंज हे आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील नालासोपारा पूर्वेकडील दाट वस्तीचे उपनगर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाल्याने येथील प्रकरणे पालघरच्या व्यवस्थेकडे येतात. उपनगरी गाडीने मुंबईत गेलेले मूल तेथे सापडल्यास प्रथम तेथील समितीपुढे नेले जाते आणि मग त्यास राहत्या जिल्ह्याकडे वर्ग करण्याची तरतूद आहे. अशा वेळी पालकास एकाऐवजी दोन कार्यालये, ओळखीचे व निवासाचे पुरावे, गृहभेटीचा अहवाल आणि तारखा यांतून जावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या व भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबाला तीस दिवसांची मुदत मोठी नसते. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळू शकते. आईच्या दाव्यास हा मोठाच आधार आहे, मात्र तो तिला वेळेवर ठाऊक असावयास हवा.

जागतिक संदर्भ : संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा नववा अनुच्छेद, सक्षम अधिकाऱ्याने न्यायिक फेरतपासणीच्या अधीन राहून मुलाच्या हितासाठी आवश्यक ठरविल्याखेरीज मुलास पालकांपासून वेगळे करू नये, असे सांगतो. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांनाही हा प्रश्न भेडसावला आहे. नॉर्वेतील बालकल्याण यंत्रणेने २०११ मध्ये एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली असता दोन्ही देशांच्या शासनांत बोलणी होऊन २०१२ मध्ये ती भारतातील नातलगांकडे आली. पुढे २०१९ मध्ये यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने नॉर्वेविरुद्धच्या एका वेगळ्या खटल्यात, कुटुंब पुन्हा जोडण्याचा पुरेसा प्रयत्न न करता नाते तोडणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय दिला. संपन्न देशांतील सुसज्ज यंत्रणेलाही पालकाचे म्हणणे ऐकण्याच्या बंधनातून सूट नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : सोळाव्या शतकातील फर्मानापासून एकविसाव्या शतकातील अधिनियमापर्यंत प्रत्येक व्यवस्थेने आपण मुलाच्या भल्यासाठीच त्यास ताब्यात घेतो, असे म्हटले आहे. भल्याची कल्पना मात्र कधी आत्म्याचा उद्धार, कधी बापाचा वंश, कधी समाजाची सुरक्षितता, तर कधी शारीरिक-मानसिक विकास अशी पालटत गेली. त्यामुळे केवळ हेतूवरून कोणत्याही ताब्याचे समर्थन होत नाही. मूल ठेवून घेणारी संस्था व निर्णय देणारे न्यायासन वेगळे असणे, त्या न्यायासनाची पोच मुलापर्यंत असणे, मूल संस्थेत मोठे होऊन जाण्यापूर्वी निर्णय होणे आणि परतणाऱ्या मुलास सामावून घेणारे घर असणे, या चार गोष्टी पालकांच्या दाव्याचे खरे बळ ठरल्या. पोर्तुगीजकालीन वसईत पहिली नव्हती, १८२९ नंतरच्या मुफसलात दुसरी नव्हती आणि श्रीपत शेषाद्रीच्या वाट्यास चौथी सहजी आली नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे वेळेवर होणारा निर्णय, ही विद्यमान कायद्याने मुदती घालून देऊ केली आहे. त्या मुदती पाळल्या जाण्यावरच इतर तिन्ही तरतुदींचे मोल अवलंबून आहे.